सांगलीचे विजय हजारे

कृष्णा नदीच्या काठी वसलेले सांगली हे गाव महाराष्ट्राला अनेक कारणांनी परिचित आहे. तेथील हळदीचा बाजार, पटवर्धनांचे गणपतिमंदिर, १८४३ साली विष्णुदास भावे यांनी रंगभूमीवर आणलेले पहिले मराठी नाटक, या गोष्टी तुम्ही ऐकल्या असतील. इंग्रजी अमदानीत सांगली हे एक छोटे संस्थान होते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. सांगलीकडील भाग काही वर्षे 'दक्षिण सातारा' या नावाने ओळखला जाई. १९६० मध्ये त्यालाच सांगली जिल्हा म्हणू लागले. अशा या सांगलीत ११ मार्च १९१५ रोजी एका शाळामास्तरांच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव विजय सॅम्युएल हजारे. घराणे मराठी ख्रिस्ती, भावंडे आठ, आणि मिळकत शिक्षकाची. तेव्हा बालपण कसे गेले असेल ते निराळे सांगावयास नको.

मुलाचे नाव विजय. परंतु त्याच्या हातून जे मोठे पराक्रम घडले, त्यांतील कित्येक हरलेल्या सामन्यांत घडले. ही गोष्ट चमत्कारिक वाटते खरी. ज्या सामन्यात आपला पक्ष हरला, त्यात एकट्याने केलेल्या धावांची किंमत काय, असा प्रश्न तुमच्यापैकी कोणी विचारील. हजारे यांची कारकीर्द नीट पाहिली तर या प्रश्नाला उत्तर सापडते की काय, ते आपण पाहू.

विजय हजारे क्रिकेट खेळू लागले ते प्रथम गोलंदाज म्हणून पुढे येतील असे वाटत होते. मध्यम वेगाने ते चेंडू टाकीत. १९३४ च्या सुमारास महाराष्ट्राच्या संघातून ते प्रथम श्रेणीचे सामने खेळू लागले. या सुमारास त्यांना एक थोर गुरू भेटला. ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट हे त्या काळचे नामांकित फिरकी गोलंदाज. कसोटी सामन्यांत दोनशे बळी मिळवणारे ते जगातील पहिले खेळाडू. क्रिकेटची आवड असलेल्या एका संस्थानिकांनी त्यांना हिंदुस्थानात शिकवण्यासाठी बोलावले होते. हजारे यांची उभे राहण्याची पद्धत थोडी विचित्र होती. बॅट दोन्ही पॅडांच्या मध्ये धरून ते चेंडूची वाट पाहत. पाठ्यपुस्तकी नियमाने पाहणारा कोणीही शिक्षक म्हणाला असता, "हे चुकीचे आहे, बदला." ग्रिमेटांनी तसे केले नाही. या खेळाडूला ही पद्धत साधली आहे, तेव्हा ती मोडू नये, असा त्यांचा सल्ला होता. शिकवणे म्हणजे प्रत्येक वेळी दुरुस्त करणेच नव्हे, हे त्या परदेशी गुरूला कळत होते. हजारे यांनी आपली ढब आयुष्यभर सोडली नाही.

महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व तेव्हा प्रा. दि. ब. देवधर यांच्याकडे होते. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. या दोन्ही विजयांत हजारे यांचा मोठा वाटा होता. १९३९-४० च्या हंगामात पुण्याला बडोद्याच्या संघाविरुद्ध खेळताना त्यांनी ३१६ धावा केल्या आणि ते अखेरपर्यंत नाबाद राहिले. प्रथम श्रेणीच्या सामन्यात त्रिशतक झळकावणारे ते पहिले भारतीय फलंदाज. गंमत अशी की, ज्या बडोद्याच्या गोलंदाजांना त्यांनी असे दमवले, त्याच बडोद्याच्या आश्रयाला ते पुढे गेले. संस्थानाने त्यांना नोकरी दिली आणि १९४१ पासून ते बडोद्याकडून खेळू लागले. ज्याने आपल्याला हरवले त्याला आपलेसे करून घ्यावे, हा व्यवहार गायकवाडांच्या दरबाराला चांगला साधला म्हणावयाचा!

त्या काळी मुंबईत दरवर्षी एक मोठी स्पर्धा होत असे. तिचे नाव पंचरंगी सामने. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि 'इतर' असे पाच संघ तीत भाग घेत. धर्मावरून संघ पाडण्याची ही रीत आज आपणांस खटकते. त्या वेळीही पुष्कळांना ती खटकत होती. महात्मा गांधींनी १९४० साली तिच्याविषयी नापसंती व्यक्त केली होती. १९४६ नंतर ते सामने बंद झाले, हे योग्यच झाले. परंतु त्या मैदानावर काही असामान्य खेळ झाला, हेही खरे. हजारे ख्रिस्ती असल्यामुळे 'इतर' या संघाकडून खेळत. या संघात थोडे ख्रिस्ती, थोडे अँग्लो-इंडियन, असे निरनिराळे लोक एकत्र येत. संघ सगळ्यांत दुबळा, कारण निवडीला माणसेच थोडी.

१९४३ साली मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर अंतिम सामना हिंदू आणि इतर या संघांत झाला. अंतिम सामन्यापर्यंत पोचताना हजारे यांनी मुसलमानांच्या संघाविरुद्ध २४८ धावा करून स्पर्धेतील उच्चांक केला होता. हिंदू संघाचे कर्णधार विजय मर्चंट. हेही तेव्हाचे अत्यंत नाणावलेले फलंदाज. त्यांनी अंतिम सामन्यात नाबाद २५० धावा काढल्या आणि हजारे यांचा उच्चांक अवघ्या दोन धावांनी मागे टाकला. हिंदू संघाने पाच गडी बाद ५८१ धावांवर आपला डाव घोषित केला. एवढ्या धावांच्या डोंगरापुढे इतर संघाचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. त्यांतील ५९ धावा हजारे यांच्या.

आता दुसरा डाव. पराभव तर दिसतच होता. आरंभीचे पाच गडी थोडक्या धावांत तंबूत परतले. अशा वेळी मैदानावर एका बाजूला विजय हजारे आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा धाकटा भाऊ विवेक हजारे, अशी जोडी जमली. दोघे भाऊ सांगलीच्या एकाच घरातले. विवेक हे काही मोठे फलंदाज नव्हते. परंतु दादा खेळत आहे तोवर आपण बाद व्हावयाचे नाही, एवढे एकच काम त्यांनी अंगावर घेतले आणि ते नेटाने पार पाडले. या जोडीने सहाव्या गड्यासाठी तीनशे धावा जोडल्या. या तीनशेंत विवेक यांच्या धावा किती असतील? फक्त एकवीस! उरलेल्या बहुतेक साऱ्या धावा विजय यांच्या बॅटमधून आल्या.

इतर संघाचा दुसरा डाव ३८७ धावांवर संपला. त्यांत हजारे यांच्या ३०९ होत्या. संघातील बाकीच्या दहा जणांच्या आणि अवांतर मिळून उरल्या अठ्ठ्याहत्तर. शंभरांतील जवळजवळ ऐंशी धावा एकट्या माणसाने कराव्यात, असा प्रसंग क्रिकेटच्या इतिहासात क्वचित आढळेल. मर्चंट यांचा उच्चांक काही दिवस तरी टिकावयास हवा होता. तो त्याच सामन्यात मोडला गेला. आणि तरीही शेवट काय झाला? हिंदू संघाने एक डाव आणि ६१ धावांनी सामना जिंकला. धावफलकावर हरणाऱ्या बाजूला हजारे यांचे नाव होते. परंतु त्या सामन्याची आठवण काढणारा माणूस आज कोणाचे नाव आधी घेतो? मर्चंट यांचे अडीचशे विसरण्याजोगे नव्हते. पण दोन भावांची ती जोडी आधी आठवते. यात विवेक यांचे एकवीस मला फार मोलाचे वाटतात. त्या एकवीस नसत्या, तर तीनशे नव्हेत, दोनशेही कदाचित झाल्या नसत्या.

भागीदारीचाच विषय निघाला म्हणून बडोद्याची एक हकीकत येथे सांगितली पाहिजे. मार्च १९४७ मध्ये रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदे आणि होळकर या संघांत बडोदे येथे झाला. होळकरांचा पहिला डाव २०२ धावांत संपला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांवर बाद झाले, तेव्हा हजारे यांच्या जोडीला गुल महंमद आले. गुल महंमद हे लाहोरचे. बुटके, डावखोरे आणि चपळ. हजारे धिमे, तर ते चंचल. या विजोड जोडीने चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. गुल महंमद ३१९ वर बाद झाले. हजारे यांनी २८८ केल्या. बडोद्याच्या एकूण ७८४ धावा झाल्या आणि होळकर संघ एक डाव व ४०९ धावांनी हरला. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत कोणत्याही गड्यासाठी झालेली ती जगातील सर्वांत मोठी भागीदारी ठरली. हा विक्रम एकोणसाठ वर्षे टिकला. २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने या फलंदाजांनी तिसऱ्या गड्यासाठी ६२४ धावा करून तो मोडला. त्यानंतर पाचच महिन्यांनी देशाची फाळणी झाली. गुल महंमद पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये पाकिस्तानकडून एक कसोटी सामनाही खेळले. दोघांची नावे मात्र विक्रमांच्या यादीत एकमेकांशेजारीच राहिली.

आता आपण ऑस्ट्रेलियाकडे वळू. १९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतंत्र भारताचा क्रिकेट संघ प्रथमच परदेशी गेला. संघनायक लाला अमरनाथ, उपनायक विजय हजारे. विजय मर्चंट येऊ शकले नव्हते. समोर होता डॉन ब्रॅडमन यांचा संघ. ब्रॅडमन यांच्याइतक्या धावांची सरासरी कसोटी क्रिकेटमध्ये आजवर कोणालाच गाठता आलेली नाही. गोलंदाजीला लिंडवॉल आणि मिलर हे वेगवान वीर. या मालिकेत भारताने पाचपैकी चार सामने गमावले आणि एक अनिर्णित राहिला. असे असूनही त्या दौऱ्यात हजारे यांनी ब्रॅडमन यांचा बळी तीन वेळा मिळवला. त्यांतील एकदा तर ज्या सामन्यात ब्रॅडमन यांनी आपले शंभरावे शतक पुरे केले, त्याच सिडनीच्या सामन्यात.

चौथा कसोटी सामना २३ जानेवारी १९४८ रोजी अ‍ॅडलेड शहरी सुरू झाला. आपल्याकडे जानेवारीत थंडी असते. भूगोलात तुम्ही शिकला आहात त्याप्रमाणे दक्षिण गोलार्धात तेव्हा कडक उन्हाळा असतो. ऑस्ट्रेलियाने पहिल्या डावात ६७४ धावा केल्या. ब्रॅडमन यांनी २०१ केल्या आणि अखेर हजारे यांच्याच चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला. एवढा वेळ उन्हात क्षेत्ररक्षण करून, वर गोलंदाजीही करून, मग फलंदाजीला उतरावयाचे, म्हणजे शरीर किती थकले असेल याची कल्पना करा. भारताचे पाच गडी १३३ धावांवर बाद झाले. तेथून हजारे आणि कोल्हापूरचे तरुण दत्तू फडकर यांनी सहाव्या गड्यासाठी १८८ धावांची भर घातली. हजारे ११६ वर बाद झाले, फडकरांनी १२३ केल्या. भारताच्या ३८१ धावा झाल्या.

परंतु ऑस्ट्रेलियाच्या धावा अद्याप २९३ ने अधिक होत्या. पहिल्या डावात फार मागे पडलेल्या संघाला प्रतिपक्षाचा कर्णधार लगेच पुन्हा खेळावयास लावू शकतो. ब्रॅडमन यांनी तसेच केले. लिंडवॉलच्या वेगापुढे भारताचे फलंदाज, काही तर एकही धाव न करता, परत येऊ लागले. हजारे मात्र आपली बॅट पॅडांच्या मध्ये धरून स्वस्थपणे उभे होते. घाई नाही, राग नाही, भीती तर नाहीच. हेमू अधिकारी त्यांच्या जोडीला आले आणि दोघांनी सातव्या गड्यासाठी १३२ धावा जोडल्या. अधिकारी ५१ वर बाद झाले. हजारे यांना लिंडवॉलने त्रिफळाबाद केले तेव्हा त्यांच्या १४५ धावा झाल्या होत्या. भारताचा सारा डाव २७७ चा. लिंडवॉलने ३८ धावांत सात गडी बाद केले. ऑस्ट्रेलियाने एक डाव आणि १६ धावांनी सामना जिंकला.

एका कसोटी सामन्याच्या दोन्ही डावांत शतक करणारे विजय हजारे हे पहिले भारतीय. समोर जगातील सर्वोत्तम संघ, मैदान परके, पाठीशी कोसळणारी फळी, आणि पराभव ठरलेला. ब्रॅडमन यांच्या संघाला ते सोळा धावांचे अंतर पडण्यासाठी दोन दिवस अधिक घाम गाळावा लागला तो बहुतांशी एका सांगलीकरामुळे. सामना २८ जानेवारीला संपला. त्यानंतर दोनच दिवसांनी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली आणि देश शोकसागरात बुडाला. क्रिकेटच्या बातमीकडे पाहण्याचे कोणाचे भान राहिले असेल असे वाटत नाही.

यानंतर पुढल्याच वर्षी एक सामना असा झाला की, त्याची आठवण झाली म्हणजे जुन्या क्रिकेटप्रेमींना अजूनही हळहळ वाटते. फेब्रुवारी १९४९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धचा पाचवा कसोटी सामना मुंबईस होता. भारताने तोवर एकही कसोटी सामना जिंकला नव्हता. अखेरच्या डावात ३६१ धावा हव्या होत्या. हजारे यांनी १२२ आणि रुसी मोदी यांनी ८६ धावा काढून विजय अगदी आवाक्यात आणून ठेवला. दिवस मावळत आला, गडी पडत गेले, फडकर एका बाजूने लढत राहिले. धावा ३५५ झाल्या, आठ गडी बाद झाले होते, आणि वेळ संपली! सहा धावा कमी पडल्या. सामना अनिर्णित राहिला. खेळ जरा लवकर थांबवला गेला की काय, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. मला त्या चर्चेपेक्षा त्या सहा धावा अधिक लागतात. एकच चौकार आणि दोन धावा! दुसऱ्याच क्षणी मनात येते की, हजारे नसते तर भारत त्या सहा धावांपर्यंत तरी पोचला असता का?

१९५१ साली इंग्लंडचा संघ भारतात आला तेव्हा भारताचे नेतृत्व हजारे यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी दिल्लीला नाबाद १६४ आणि मुंबईला १५५ धावा काढून आपल्या कर्णधारपदाला चांगला आरंभ केला. कानपूरला मात्र भारत हरला. मालिकेचा शेवटचा सामना ६ फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासला सुरू झाला. त्याच दिवशी इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची वार्ता आली, म्हणून दुसऱ्या दिवशी खेळ बंद ठेवण्यात आला. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ गडी बाद केले आणि इंग्लंडचा डाव २६६ वर आटोपला. भारताकडून पंकज रॉय यांनी १११ व पॉली उम्रीगर यांनी नाबाद १३० धावा केल्या. नऊ गडी बाद ४५७ वर भारताने डाव घोषित केला. दुसऱ्या डावात मंकड यांनी आणखी चार बळी घेतले. इंग्लंड १८३ धावांत बाद झाले. १० फेब्रुवारी १९५२ रोजी भारताने एक डाव आणि आठ धावांनी सामना जिंकला. १९३२ साली लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळल्यापासून वीस वर्षांनी मिळालेला हा पहिला विजय; भारताचा तो पंचविसावा सामना होता.

पहा, ज्यांनी अ‍ॅडलेडला दोन शतके केली तेव्हा संघ हरला, मुंबईला १२२ केल्या तेव्हा सामना हातचा गेला, त्यांच्या नेतृत्वाखाली पहिला विजय मिळाला तो इतरांच्या बळावर. हजारे हे मोठे शतक न करता जिंकलेले कर्णधार. परंतु त्या दिवशी मद्रासच्या मैदानावर मंकड आणि उम्रीगर यांच्यापेक्षा त्यांना कमी आनंद झाला असेल, असे मला वाटत नाही.

विजयाचा आनंद फार दिवस टिकला नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात भारतीय संघ इंग्लंडला गेला. जूनमध्ये लीड्स येथे पहिला कसोटी सामना झाला. पहिल्या डावात भारताचे तीन गडी ४२ धावांवर बाद झाले असता वीस वर्षांचे विजय मांजरेकर कर्णधाराच्या जोडीला उभे राहिले. या दोन विजयांनी मिळून २२२ धावा जोडल्या. मांजरेकरांनी १३३ आणि हजारे यांनी ८९ धावा केल्या. दुसऱ्या डावात मात्र असे काही घडले की, कसोटी क्रिकेटच्या इतिहासात त्याला तोड नाही. इंग्लंडचा फ्रेड ट्रूमन नावाचा तरुण गोलंदाज आपला पहिलाच कसोटी सामना खेळत होता. त्याच्या आणि अ‍ॅलेक बेडसरच्या पहिल्या चौदा चेंडूंत भारताचे चार फलंदाज बाद झाले. धावफलकावर धावा किती होत्या? शून्य! चार गडी बाद शून्य धावा!

धावफलकाचे ते चित्र पाहून कोणाचेही हातपाय गळाले असते. हजारे मैदानात आले ते अशा वेळी. पाचवा गडी २६ वर गेला. मग पुन्हा तीच जुनी जोडी जमली. हजारे आणि फडकर यांनी १०५ धावांची भर घातली. हजारे यांनी ५६ आणि फडकरांनी ६४ केल्या. डाव १६५ वर संपला आणि इंग्लंडने सात गडी राखून सामना जिंकला. शून्यावर चार गडी गमावलेल्या संघाला या दोघांनी शंभराच्या पलीकडे नेले, एवढे खरे.

हा सारा खेळ चालू असताना सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचा एक पैलवान ऑलिंपिकसाठी फिनलंडला निघण्याच्या तयारीत होता. तुम्ही ओळखलेच असेल. ते खाशाबा जाधव. जुलै १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. एका कृष्णाकाठच्या दोन मुलखांतील दोन माणसे एकाच उन्हाळ्यात युरोपात देशासाठी झुंजत होती. एकाला पदक मिळाले, दुसऱ्याला पराभव.

हजारे यांनी चौदा कसोटी सामन्यांत नेतृत्व केले. त्यांतील एक जिंकला, पाच गमावले आणि आठ अनिर्णित राहिले. स्वभावाने ते अबोल व भिडस्त. मैदानावर ओरडून हुकूम सोडणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. विजय मर्चंट यांचे तर असे मत होते की, कर्णधारपदाचे ओझे अंगावर पडल्यामुळे हजारे भारताचे सर्वश्रेष्ठ फलंदाज होण्याचे राहून गेले. प्रतिस्पर्ध्याने केलेली ही प्रशंसा आहे, तशीच ती एक तक्रारही आहे. १९५३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यानंतर त्यांचे कसोटी क्रिकेट संपले. तीस कसोटी सामन्यांत त्यांनी सात शतकांसह २१९२ धावा केल्या. एका डावामागे सरासरी ४७ धावांहून थोडी अधिक पडली. कसोटी क्रिकेटमध्ये हजार धावा पुऱ्या करणारे ते पहिले भारतीय. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची साठ शतके आहेत आणि १८,००० हून अधिक धावा. ज्यांना मध्यम वेगाचा गोलंदाज म्हणून आरंभ करावयाचा होता, त्यांनी बळीही ५९५ घेतले, हे विसरून चालणार नाही.

१९६० साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. जसू पटेल यांच्यासमवेत हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. पुढे त्यांनी राष्ट्रीय निवड समितीतही काम केले. बडोदेच त्यांचे घर झाले होते. सांगली सुटली ती सुटलीच. १८ डिसेंबर २००४ रोजी वडोदरा येथे वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भारतातील राज्यांचे संघ आता दरवर्षी एका चषकासाठी पन्नास षटकांचे एकदिवसीय सामने खेळतात. त्या चषकाचे नाव विजय हजारे चषक. एका दिवसात निकाल लागणारा असा आंतरराष्ट्रीय सामना हजारे यांच्या काळी अस्तित्वातच नव्हता. तो सुरू झाला १९७१ मध्ये, त्यांनी बॅट खाली ठेवल्यानंतर. पन्नास षटकांत डाव आटोपणाऱ्या आजच्या खेळाडूंच्या हाती हे चषक येते तेव्हा त्यावरील नाव अशा एका माणसाचे असते की, जो तीनशे धावांच्या भागीदारीत आपल्या धाकट्या भावाला केवळ एकवीस धावांवर समोर उभे ठेवून दिवसभर खेळत राहिला होता.